कष्टकऱ्यांचा श्वान : इंग्लंडातील लर्चर, व्हिपेट व फेरेट यांचा इतिहास

ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत इंग्लंडातील कुत्र्यांचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उद्भवल्यास नवल नाही. राजेरजवाड्यांचा इतिहास ताम्रपटांत, बखरींत आणि दप्तरांत सापडतो. परंतु ज्यांच्या हाती लेखणी नव्हती त्यांचा इतिहास त्यांच्या हत्यारांत, त्यांच्या जनावरांत आणि बापाने मुलास शिकविलेल्या हिकमतींत शोधावा लागतो. इंग्लंडातील शेतमजूर, विणकर, खाणकामगार आणि भटके रोमानी लोक यांनी सशाच्या शिकारीची एक विद्या जवळजवळ पाच शतके कायद्याच्या दंडुक्याखाली राहून जतन केली. त्या विद्येची साधने तीन : कुत्रा, फेरेट आणि जाळे. ही साधने कोणी बाळगावीत आणि कोणी बाळगू नयेत, याचा निर्णय तेथे जन्म आणि मालमत्ता यांवरून होत असे. म्हणूनच हा विषय आपणांसही विचार करावयास लावणारा आहे.

प्रथम एका शब्दाचा खुलासा करणे अवश्य आहे. आपण ‘ससा’ म्हणतो तो रानात गवताच्या आडोशाला उघड्यावर बसणारा प्राणी होय. तो बीळ खणीत नाही. इंग्रजीत त्यास ‘हेअर’ म्हणतात. ज्या सशाची हकिगत येथे सांगावयाची आहे तो ‘रॅबिट’ निराळा. तो जमिनीखाली बिळांचे जाळे खणून कुटुंबकबिल्यासह वस्ती करतो. आपल्या रानांत हा प्राणी मुळी नाहीच. हा भेद ध्यानात ठेवल्यावाचून फेरेटाचे काम समजणार नाही. कारण उघड्यावर बसणाऱ्या सशामागे कुत्रा पुरेसा होतो, परंतु बिळात दडलेल्या सशास बाहेर काढावयास बिळात शिरणारा साथीदार लागतो.

सशांची मालकी

हा बिळातला ससा मूळचा स्पेन व पोर्तुगाल या प्रदेशांतला. रोमन काळात त्यांतील काही इंग्लंडात पोहोचले होते; परंतु तेथे त्यांची खरी वसाहत झाली ती नॉर्मन सत्तेनंतर, बाराव्या शतकात. थंड आणि ओल्या हवेत हा पाहुणा प्रथम नीट तगेना. म्हणून सरदार आणि मठाधिपती यांनी त्याच्यासाठी ‘वॉरेन’ नावाची राखीव रानेच तयार केली. उशीच्या आकाराचे मातीचे उंचवटे घालून त्यांत ससे सोडले जात. असे उंचवटे इंग्लंडात ठिकठिकाणी आजही दिसतात. मांस मेजवानीस आणि कातडी उंची वस्त्रांस, असा सशाचा दुहेरी उपयोग असल्यामुळे त्याचे मोल मोठे होते. नॉर्फक परगण्यात थेटफर्ड येथे मठाधिपतीने सुमारे १४०० साली वॉरेनच्या रखवालदारासाठी बांधलेली जाड दगडी भिंतींची दुमजली गढी अद्याप उभी आहे. सशांच्या राखणीस गढी बांधावी लागते, यावरूनच त्यांच्यावर कोणाकोणाची नजर होती हे उमगते.

कायद्याचा पहारा

१३८१ साली इंग्लंडात शेतकऱ्यांचे मोठे बंड झाले. त्यानंतर नऊ वर्षांच्या आत, दुसऱ्या रिचर्ड राजाच्या कारकीर्दीत, १३९० साली शिकारीसंबंधी एक कायदा झाला. त्याच्या प्रस्तावनेत दिलेले कारण मोठे बोलके आहे. कारागीर, मजूर व नोकर ग्रेहाउंड कुत्रे बाळगतात, सणावारी सज्जन चर्चमध्ये असताना हे लोक वॉरेनमध्ये शिकारीस जातात, आणि शिकारीच्या निमित्ताने एकत्र जमून बंडाची खलबते करतात, अशी राज्यकर्त्यांची तक्रार होती. ज्या गृहस्थाच्या जमिनीचे वार्षिक उत्पन्न ४० शिलिंग नाही आणि ज्या धर्मोपदेशकाचे उत्पन्न १० पौंड नाही, त्याने शिकारी कुत्रा, फेरेट, जाळे किंवा फास बाळगू नये. बाळगल्यास एक वर्षाचा तुरुंगवास, असे ठरले. सशाची काळजी हे या कायद्याचे एक अंग. गरिबांनी एकत्र येऊ नये ही त्यामागची दुसरी काळजी होय.

पुढे १६७१ साली ही अट कितीतरी पटींनी कडक झाली. आता वार्षिक १०० पौंड उत्पन्नाची स्वतःची जमीन असणारा, किंवा दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने १५० पौंडांची जमीन धारण करणारा, अथवा ‘एस्क्वायर’ वा त्याहून वरच्या दर्जाच्या माणसाचा वारस, एवढ्यांनाच शिकारीचा हक्क उरला. पार्लमेंटाच्या निवडणुकीत परगण्याचा प्रतिनिधी निवडावयास त्या काळी ४० शिलिंगांचे म्हणजे २ पौंडांचे उत्पन्न पुरे होई. तेव्हा राज्यकारभारात मत देण्यापेक्षा तितर मारण्यास पन्नासपट संपत्ती लागत होती! या कायद्याच्या निषिद्ध वस्तूंच्या यादीत बंदुका, जाळी आणि फास यांबरोबर ग्रेहाउंड, फेरेट आणि ‘लर्चर’ यांची नावे स्पष्टपणे घातलेली होती. जमीनदाराने नेमलेल्या शिकारराख्यास गरिबाच्या झोपडीची झडती घेऊन कुत्रे व जाळी जप्त करण्याचा अधिकार मिळाला.

१७२३ साली ‘ब्लॅक ॲक्ट’ आला. तोंडास काळे फासून अथवा वेष बदलून सशस्त्र स्थितीत वॉरेन लुटणाऱ्यास त्या कायद्याने मृत्युदंड ठेवला. तो बहुतांशी १८२३ मध्ये रद्द झाला, म्हणजे पुरे शतकभर तो कायद्याच्या पुस्तकात राहिला. १७९६ साली कुत्र्यांवर कर बसला, त्यातही चढ्या दराच्या वर्गात लर्चरचे नाव होते. १८२८ च्या कायद्याने रात्री ससे धरणाऱ्यास पहिल्या गुन्ह्यास तीन महिने, दुसऱ्यास सहा महिने सक्तमजुरी आणि तिसऱ्यास सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा ठरविली. घरी चूल पेटावी म्हणून ससा धरणारा बाप अशा रीतीने समुद्रापलीकडे ऑस्ट्रेलियाच्या बंदिवसाहतीत जाऊन पडत असे, आणि त्याच्या मुलाबाळांस गावच्या धर्मादायावर दिवस काढावे लागत.

लर्चर : संकरातून घडलेला सेवक

कायदा असा असूनही गरिबाने कुत्रा सोडला नाही. त्याने आपल्या गरजेचा कुत्रा घडविला. शुद्ध ग्रेहाउंड वेगात अजोड खरा, पण तो नजरेने शिकार करतो, नाकाचा फारसा उपयोग करीत नाही. त्याची कातडी पातळ, काटेरी कुंपणात फाटणारी. आणि तो दुरूनही ओळखू येतो. म्हणून त्याचा मेंढपाळी कोली किंवा टेरियर यांच्याशी संकर करण्यात आला. त्यातून ग्रेहाउंडाचा वेग, कोलीची बुद्धी व आज्ञाधारकपणा, आणि टेरियरची चिकाटी यांचा मिलाफ साधला. हाच लर्चर. ‘लर्च’ म्हणजे दबा धरून वावरणे, या जुन्या इंग्रजी शब्दावरून हे नाव आले असे कोशकार मानतात. राठ केसांचा हा प्राणी गुरे हाकणाऱ्याच्या गाडीमागून चालला तर शेतकऱ्याच्या साध्या कुत्र्यासारखाच दिसे. कायद्यात त्याचे नाव असले तरी रस्त्यावर त्यास नेमके ओळखणे शिकारराख्यास सोपे नव्हते.

न्यूकॅसलचा प्रसिद्ध काष्ठचित्रकार टॉमस ब्यूइक याने १७९० साली प्रसिद्ध केलेल्या चतुष्पादांच्या ग्रंथात लर्चरचे वर्णन दिले आहे. ग्रेहाउंडाहून लहान, पाय आखूड पण मजबूत, केस राठ, नाक तीक्ष्ण, आणि रात्री ससे मारण्यास वापरला जाणारा, असे ते वर्णन आहे. लर्चरचा सर्वांत मोठा गुण मात्र चित्रात दाखविता येण्याजोगा नव्हता. तो गुण म्हणजे मौन. भुंकणारा कुत्रा मालकास तुरुंगात घालतो, हे ज्यास कळत नाही तो कुत्रा त्यांच्या कामाचा नव्हता. काळोख्या, वाऱ्याच्या रात्री सशांची बिळे आणि त्यांचे चरण्याचे रान यांच्या मध्ये लांबच लांब जाळे उभारीत. मग लर्चर शब्दाविना रानास वळसा घालून चरणारे ससे जाळ्याकडे हाकून आणी. माणूस हातांनी जाळ्याची दोरी चाचपून ससा अडकल्याचे ओळखी. या सर्व कामात दिवा नाही, हाक नाही, शीळ नाही.

फेरेट : बिळातला साथीदार

दिवसाच्या शिकारीत मुख्य पात्र फेरेट होय. हा युरोपातील ‘पोलकॅट’ या रानटी प्राण्याचा माणसाळलेला वंशज. अंग लांबट, पाय आखूड. आपल्या मुंगसाची आठवण करून देणारा, मात्र कुळाने निराळा. स्ट्रेबो या ग्रीक भूगोलकाराने स्पेनमध्ये सशांचा उपद्रव निवारण्यासाठी आफ्रिकेतून आणलेले असे प्राणी मुसके बांधून बिळात सोडतात, असे दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. बॅलिआरिक बेटांच्या रहिवाशांनी सशांच्या उपद्रवामुळे सम्राट ऑगस्टसकडे सैन्याची मदत मागितली, अशी हकिगत प्लिनीने दिली आहे. इंग्लंडात चौदाव्या शतकातील एका सचित्र स्तोत्रग्रंथात कुलीन स्त्रिया फेरेट व जाळे घेऊन ससे धरताना रेखाटलेल्या आहेत. एकाच साधनाने थोरामोठ्यांची करमणूक होते आणि तेच साधन गरिबाच्या झोपडीत सापडले तर गुन्हा ठरतो, हे येथे नजरेत भरते.

या शिकारीची रीत वाचकांस थोडी विस्ताराने सांगतो. तिचा हंगाम ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत. तेव्हा पाला झडलेला असतो, बिळांची तोंडे दिसतात, आणि सशांचा विणीचा काळ अद्याप ऐन भरात आलेला नसतो. शिकारी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, पाय न आपटता, एक शब्द न बोलता वस्तीपाशी येतो. कारण जमिनीची थरथर सशास चटकन कळते, आणि एका सशाने मागचा पाय आपटला की सारी वस्ती सावध होते. प्रथम कुत्रा एकेका बिळाचा वास घेत फिरतो. रिकाम्या बिळापाशी तो थांबत नाही; ससा असेल तेथे मात्र मान किंचित तिरकी करून खिळल्यासारखा उभा राहतो. चांगल्या कुत्र्याने ‘आहे’ म्हटले की आहे, एवढा त्याच्यावर भरवसा असतो.

मग प्रत्येक तोंडावर पिशवीच्या आकाराचे जाळे पसरतात. ते पूर्वी तागाच्या सुतळीचे विणीत, अलीकडे नायलॉनचे असते. त्याच्या कडेने ओवलेली दोरी खुंटीस बांधलेली असते. ससा वेगाने आत शिरला की दोरी ताणून जाळ्याचे तोंड आपोआप आवळले जाते. काटेरी झुडपांत दडलेले एखादे चोरतोंड नजरेतून सुटले तर सारा खटाटोप फुकट जातो. त्यानंतर फेरेट बिळात सोडतात. या कामास बहुधा लहान अंगाची मादी पसंत करतात. मादीस ‘जिल’ व नरास ‘हॉब’ म्हणतात. काही क्षण शांतता. मग जमिनीखालून धडधड ऐकू येते आणि ससा बाहेर उसळून जाळ्यात पडतो. शिकारी त्यास तत्काळ मान मोडून मारतो, आणि ते तोंड उघडे राहू नये म्हणून तेथे दुसरे जाळे टाकतो. जाळे चुकवून निसटलेल्या सशामागे कुत्रा धावतो. त्याने तो पकडून, न चावता, जिवंत मालकाच्या हाती द्यावयाचा असतो. चिरडलेल्या मांसास बाजारात किंमत येत नाही.

कधी फेरेट बिळातच ससा मारून तेथे ठाण मांडतो. अशा वेळी दोरी बांधलेला बळकट हॉब आत सोडीत. दोरीस एक-एक यार्डावर गाठी असत; किती गाठी आत गेल्या यावरून कोठे खणावयाचे हे ठरे. अलीकडच्या काही दशकांत गळपट्ट्यातील छोट्या विद्युत्-यंत्रावरून हे काम होते. तथापि मुरलेला कुत्रा जमिनीस कान लावून नेमक्या त्याच जागी उभा राहतो, असा शिकाऱ्यांचा अनुभव आहे. कुत्रा आणि फेरेट यांची दोस्ती पिल्लूपणापासून जमवावी लागते. जाळीच्या पिंजऱ्यातून दोघांची ओळख करून देतात, आणि फेरेटाने एकदा नाकास चावा घेतला की पिल्लू आयुष्यभर त्याचा मान राखते. जो कुत्रा फेरेट मारतो तो या धंद्यातून बाद झाला.

या ज्ञानाची शाळा नव्हती, त्यावर परीक्षा नव्हती. रिचर्ड जेफरीज या लेखकाने १८७९ साली ‘द अमॅच्युअर पोचर’ या पुस्तकात अशा शिकारीचे बारकावे नोंदविले. परंतु त्यापूर्वीच्या शेकडो वर्षांचे ज्ञान तोंडातोंडी आणि हातोहातच चालत आले.

व्हिपेट : खाणकामगारांचा धावरा

एकोणिसाव्या शतकात उत्तर इंग्लंडातील लँकेशायर, यॉर्कशायर, डरहॅम या परगण्यांत गिरण्या व कोळशाच्या खाणी यांभोवती कामगारांच्या वस्त्या दाटल्या. तेथे मोठा कुत्रा पोसण्याची ऐपत नव्हती, ठेवण्यास जागाही नव्हती. ग्रेहाउंडाच्या लहान चणीच्या वाणाशी टेरियर आदींचा संकर होऊन सुमारे दीड फूट उंचीचा व्हिपेट तेथे सिद्ध झाला. थोड्या खाण्यात भागणारा, घरात मुलांबरोबर निजणारा, आणि सुट्टीच्या दिवशी ससा आणून देणारा हा प्राणी कामगाराच्या घरातला माणूसच झाला. ‘गरिबाचा शर्यतीचा घोडा’ हे त्याचे टोपणनाव याच वस्त्यांतले.

त्याच्या शर्यती सुमारे २०० यार्डांच्या असत. एका टोकास सोडणारा माणूस कुत्र्यास धरून धावत्या स्थितीत पुढे झोकून देई. दुसऱ्या टोकास मालक चिंधी हलवीत ओरडे, आणि कुत्रा त्या चिंधीकडे बाणासारखा धावे. वजनाच्या प्रमाणात कमीअधिक अंतराची सवलत दिलेली असे. या इतिहासाची काळी बाजूही नमूद करणे न्याय्य आहे. बंदिस्त मैदानात ससा सोडून तो कोणता कुत्रा आधी झडपतो यावर पैजा लागत. तो निर्दय खेळ होता, आणि तो मागे पडला हे योग्यच झाले. १८९०-९१ च्या सुमारास केनेल क्लबने व्हिपेटास शुद्ध जातीची मान्यता दिली आणि तो प्रदर्शनांत मिरवू लागला. लर्चर मात्र संकराचाच राहिला. त्यास वंशावळीची नोंदवही मिळाली नाही. काम हीच त्याची वंशावळ.

बंधने सैल झाली

१८३१ साली मालमत्तेची अट रद्द झाली आणि परवाना काढणाऱ्या कोणासही शिकारीचा मार्ग खुला झाला. तथापि जमीन ज्याची त्याचीच होती; परक्याच्या शेतात सशामागे शिरणे हा गुन्हाच राहिला. १८६२ च्या कायद्याने तर संशयित माणसास भररस्त्यात अडवून झडती घेण्याचा अधिकार पोलिसांस मिळाला. खरा बदल झाला तो १८८० च्या कायद्याने. ग्लॅडस्टन यांच्या मंत्रिमंडळाने कुळास स्वतःच्या कसवणुकीच्या जमिनीवरील दोन्ही जातींचे ससे मारण्याचा हक्क दिला, आणि हा हक्क करारानेही काढून घेता येणार नाही असे ठरविले. तोवर जमीनदाराचे ससे कुळाचे पीक खात आणि कुळाने हात बांधून पाहत राहावे, अशी अवस्था होती. कुळाने मोबदला देऊन आणखी एका माणसास ससे धरावयास नेमावे, अशीही सोय त्या कायद्यात होती. ज्यास काल चोर म्हणत होते तो फेरेटवाला आज शेतकऱ्याच्या बोलावण्यावरून दिवसाउजेडी शेतात उतरू लागला. विद्या तीच, माणूसही तोच. केवळ कायद्याची एक ओळ बदलली होती.

त्यानंतर गरजच ओसरली. १९२६ साली मँचेस्टर येथे यांत्रिक सशामागे ग्रेहाउंडांच्या शर्यती सुरू झाल्या आणि व्हिपेटाच्या चिंधीच्या शर्यतींची रया गेली. १९५३ साली ‘मिक्सोमटोसिस’ हा सशांचा साथीचा रोग फ्रान्समधून इंग्लंडात पोहोचला; दोनतीन वर्षांत तेथील दर शंभर सशांतील नव्वदांहून अधिक मरून पडले. सुजलेल्या डोळ्यांचे, आंधळे झालेले ससे रस्तोरस्ती पाहिल्यावर लोकांची सशाच्या मांसावरची वासना उडाली. १९९० नंतर आणखी एका रक्तस्रावी रोगाची भर पडली. डिसेंबर २०१५ मध्ये यॉर्कशायरातील केलिंग्ली ही ब्रिटनमधील अखेरची खोल कोळसाखाण बंद झाली आणि ज्या वस्त्यांत व्हिपेट वाढला त्यांचा मूळ धंदाच संपला. कुत्र्यांकरवी रानटी सस्तन प्राण्यांची शिकार करण्यास २००४ च्या कायद्याने मनाई केली. परंतु जमीनमालकाच्या संमतीने बिळातले ससे व उंदीर मारण्यास त्यात सूट आहे. त्यामुळे फेरेट, जाळे आणि लर्चर यांची जुनी त्रयी शेतकऱ्याच्या पिकाच्या रक्षणासाठी तेथे कायदेशीरपणे टिकून आहे.

आपल्याकडे पाहता

दख्खनच्या पठारावरही अशा बांध्याचा कुत्रा आहे. सातारा, सांगली, सोलापूरकडे त्यास कारवानी म्हणतात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांच्या आश्रयामुळे तो मुधोळ नावानेही प्रसिद्धीस आला, आणि २००५ साली भारतीय टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सशाच्या शिकारीस मनाई आहे, आणि ती पाळणे आपले कर्तव्य होय. परंतु शिकारीवर पोट असणाऱ्या माणसांस कायद्याने कसे वागविले, ही कथा आपल्याही परिचयाची आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली केलेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याच्या अंमलात फासेपारध्यांसारख्या जमाती जन्मतःच संशयित ठरल्या. तो शिक्का कायद्याने पुसला गेला तो १९५२ साली, आणि समाजाच्या मनातून तो अद्याप पुरता गेलेला नाही.

इंग्लंडच्या या इतिहासापासून घेण्याजोगा बोध तो हाच. एखाद्याच्या हातातील कसब गुन्हा ठरते की धंदा, हे पुष्कळदा त्या कसबावर अवलंबून नसते. ते ठरविणारा कोण आहे यावर असते. म्हणून आपल्या वाडवडिलांची हत्यारे, त्यांच्या कामाच्या रीती, त्यांनी पाळलेली जनावरे आणि त्यांची नावे यांची नोंद आपल्या घरातील वृद्ध मंडळी हयात आहेत तोवर करून ठेवावी, अशी ज्ञातिबंधुभगिनींस विनंती आहे. थेटफर्डची गढी दगडाची होती म्हणून राहिली; ज्यांच्या भीतीने ती बांधली त्या माणसांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.